साक्ष देताना पर्समध्ये गोळ्या होत्या

मी बरी झाले आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला लागायला नको. टीबी झाला होता, गोळ्या खाल्ल्या, गेला. खरं तर एवढ्यावर हे लिखाण संपायला हवं होतं. संपलं नाही, कारण मधेच मी तोंड उघडलं.

ज्यांच्या हातात नुकताच तसला रिपोर्ट पडलाय त्यांच्यासाठी हे लिहितेय. त्यातही आमच्यासारख्या ख्रिस्ती मंडळीतल्या माणसांसाठी, ज्यांच्या घरी रिपोर्टच्या मागोमाग प्रार्थना करणारे येतात. औषधांची माहिती माझ्याकडे मागू नका, ती डॉक्टरांना विचारा. मी चिडचिडीबद्दल सांगणार आहे. आजारपणावर लिहिणारी माणसं बरी झाली की एकदम गोड होऊन जातात. मला ते जमलेलं नाही. त्या गोळ्यांची चव अजून जिभेच्या मुळाशी आहे आणि आठवली की राग येतो.

धुळीचा खोकला

आम्ही नवीन जालन्यात राहतो, स्टेशनकडच्या बाजूला. मुलगा शमुवेल एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात आहे, सून रेखा घर आणि शिलाई दोन्ही सांभाळते, नात एंजल पहिलीत जाते. आमच्या रस्त्यावरून दिवसभर ट्रक जातात, त्यामुळे इथे खोकल्याला कुणी आजार म्हणत नाही. मीही म्हटलं नाही. संध्याकाळी अंग कसकसायचं, ब्लाउज सैल व्हायला लागले. मी रेखाला म्हटलं, "बघ, म्हातारपणी कंबर बारीक झाली." ती हसली नाही.

मग रुमालावर रक्त आलं. मी तो रुमाल गादीखाली सारला. का, ते आजही सांगता येणार नाही. सगळी नोकरी बालवाडीत पोरांना "दुखलं की लगेच बाईंना सांगायचं" असं शिकवण्यात गेली, आणि बाईंनी स्वतः काय केलं तर रुमाल लपवला. शिवाय रेखा गाद्या उन्हात घालते, हेही माझ्या ध्यानात राहिलं नाही.

"आत्याबाई, हे काय?" तिनं रुमाल चिमटीत धरून विचारलं.

"जांभळं खाल्ली होती."

"ऐन थंडीत? कुठं मिळाली?"

शमुवेलनं त्याच दिवशी मोटारसायकलवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. एक्सरे झाला, बेडका तपासायला दिला. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी शमुवेलकडे न बघता माझ्याकडे बघून सांगितलं, "आजी, टीबी आहे."

"आमच्या घरात कुणालाच न्हाई," मी म्हटलं.

"आता आहे," ते म्हणाले. "पण पूर्ण बरा होतो. सहा महिने गोळ्या. एकही दिवस चुकवायचा नाही."

पूर्ण बरा होतो, असं ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. हे लक्षात ठेवा. मी पुढे ते सोयीनं विसरले.

पंचविशीतली शलोमी

परतताना मोटारसायकलवर मला कसली आठवण यावी? माझ्या स्वतःच्या तरुणपणाची, आणि हसू यायला लागलं. शमुवेलला वाटलं मी रडतेय. तो म्हणाला, "आई, रडू नको, लोक बघून राह्यले."

पंचविशीत मी, शलोमी, आमच्या स्त्री मंडळीची आजारी माणसांना भेट देणारी बाई होते. पांढरी, कांजी केलेली साडी, काखेत पवित्र शास्त्र म्हणजे बायबल, पायांत कुरकुरणाऱ्या चपला. चप्पल वाजली की आजारी माणूस डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायचा, असं आमचे हे म्हणायचे. मी ते खोटं मानायची. माझी प्रार्थना जगाच्या निर्मितीपासून सुरू व्हायची. त्या आजारी माणसाच्या दुखऱ्या गुडघ्यापर्यंत येईस्तोवर त्याच्या घरच्यांचं चुलीवरचं दूध उतू जायचं. एकदा तर एक म्हातारा मधेच "बाई, जरा पाणी" म्हणाला, तर मी डोळे न उघडता हात वर करून त्याला गप्प केलं. प्रभूशी बोलत होते ना मी, मधे पाणी कसलं मागतो. आणि निघताना उंबऱ्यात उभी राहून वर सांगायची, "विश्वास कमी पडू देऊ नका हं." जणू विश्वास म्हणजे मीठ, आणि कुणाच्या घरात किती शिल्लक आहे ते मला डबा न उघडता कळतं.

काय पोरगी होती ती. आज दारात आली तर कडीच लावून घेईन.

शेजारच्या पलंगावर

रक्त पडत होतं म्हणून सुरुवातीला थोडे दिवस वॉर्डात ठेवलं. तिथला दिवस फार लवकर सुरू होतो आणि मग हलत नाही. उजाडता उजाडता सिस्टर गोळ्या घेऊन यायच्या, रिकाम्या पोटी, आणि समोर उभं राहून गिळायला लावायच्या. मग मळमळ. मग चहा, जो मळमळीमुळे प्यायला जात नाही. मग दुपार, जी जातच नाही. तोंडाला रुमाल बांधून आम्ही सगळ्या बाया आपापल्या पलंगावर बसलेल्या, दरोडा घालायला निघालेल्या टोळीसारख्या.

पहिल्यांदा लघवी लालभडक झाली तेव्हा मी मोरीत जीव सोडायच्या बेतात होते. शेजारच्या पलंगावरची पोरगी बाहेरून म्हणाली, "आजी, भिऊ नका, गोळ्यांचा रंग हाय त्यो. मीबी पहिल्या दिशी लई रडल्ते."

ही सुनंदा. भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्याची, कापूस वेचायला जाणारी, हडकुळी. तिचा मुलगा वर्षाचाही नव्हता. आईचा खोकला लागू नये म्हणून त्याला टेंभुर्णीला तिच्या आईकडे ठेवलं होतं. त्याच्यासाठी ती इतकी झुरायची की त्याचं नावही घेत नव्हती. 'त्यो' म्हणायची.

ती आमच्यातलीच, ख्रिस्ती घरातली, हे मला गोळ्यांमुळे कळलं. सिस्टरनं हातावर गोळ्या दिल्या की ती क्षणभर डोळे मिटायची. मीही मिटायची, पण एक डोळा किलकिला ठेवून. माझं अजून देवाच्या थोरवीचं वर्णनच चाललेलं असायचं, तोवर तिची प्रार्थना संपून गोळ्या पोटात गेलेल्या.

"काय मागतीस गं एवढ्यात?" मी एकदा विचारलं.

"काय न्हाई. ओकारी येऊ देऊ नको, म्हणते."

"एवढंच?"

"एवढंच लागतंय ना आजी सध्या."

मला ते पटलं नाही. देवासमोर उभं राहून ओकारीबद्दल काय बोलायचं? पण बोलायला लागलं की खोकल्याची उबळ यायची, त्यामुळे लांब प्रार्थना जमेचना. शेवटी मीही तेवढंच म्हणायला लागले. ओठही हलवायचे नाहीत. गोळ्या हातात, डोळे मिटले, "प्रभू, हे आत राहू दे." आत राहायच्या. कधीकधी नाही राहायच्या. तेव्हा मी त्याच्यावर चिडायची आणि तेही त्याला मनातच सांगायची. त्यानं कधी उत्तर दिलं नाही.

घरी जायच्या दिवशी सुनंदानं माझा फोन नंबर घेतला. ठरलं असं, की सकाळी जी आधी गोळ्या घेईल तिनं दुसरीला फोन करायचा. "घेतल्या?" "घेतल्या." बस्स.

माझं ताट

घरी आले तर जेवताना रेखानं माझं ताट वेगळं वाढलं. वाटी वेगळी, पेला वेगळा. मी आतून पेटले. ह्याच पोरीच्या बाळंतपणात मी तिला भरवलं होतं. डॉक्टरांनी ताट वेगळं करायला सांगितलंच नव्हतं, तोंडावर कपडा आणि खिडक्या उघड्या एवढंच सांगितलं होतं. मी तसं शमुवेलला ऐकू जाईल अशा आवाजात भिंतीला सांगितलं.

"आई, तिला भीती वाटती एंजलला लागण होईल म्हणून," तो म्हणाला. "तू समजून घे ना."

आजारी माणसानं समजून घ्यायचं असतं, हे एक मला नव्यानं कळलं. ताप आपल्याला, गोळ्या आपल्याला, आणि समजून घेणंही आपल्यालाच.

दोनतीन दिवसांनी ताट घासताना (मीच घासत होते, रुसून) मागच्या बाजूला माझं नाव दिसलं. माझ्या लग्नात आलेलं ताट. ते माळ्यावर पितळी हंड्याच्या मागे पडलेलं असायचं. म्हणजे रेखा स्टुलावर चढून, धूळ खात, सगळी भांडी उपसून ते शोधत बसली होती. वेगळं ताटच द्यायचं तर निदान आत्याबाईंचं स्वतःचं असावं, असं तिला वाटलं असणार. राग काही गेला नाही. पण त्या दिवसापासून ताट पुढे आलं की मान खाली घालून जेवायची. त्या काळातली माझी खरी प्रार्थना हीच म्हणा ना. रेखाला टोमणा न मारणं. एंजल दारात उभी राहून "आजी, येऊ?" म्हणायची तेव्हा "नको गं राणी, तिथूनच सांग" म्हणणं. मला हे करायला दगड फोडण्याइतकं जड जायचं, आणि ह्यावर आमेन म्हणणारं कुणी नसायचं.

आमेन म्हणणाऱ्या मात्र संध्याकाळी यायच्या. स्त्री मंडळीच्या बाया, सातआठ जणी, चपलांचा ढीग दारात. रेखानं केलेला चहा माझ्यासमोर निवत असायचा आणि प्रार्थना अजून इस्राएलातच फिरत असायची. शेवटी त्यातली एक, कांजी केलेल्या साडीतली, उंबऱ्यात वळून म्हणायची, "आजी, विश्वास कमी पडू देऊ नका बरं का."

वाक्य माझंच होतं.

उपकारस्तुतीचा रविवार

दोन महिने झाले आणि बेडका पुन्हा तपासला तर त्यात जंतू नव्हते. खोकला थांबला होता, भाकरीला चव आली होती. डॉक्टर म्हणाले, "छान. आता गोळ्या थोड्या कमी, पण अजून चार महिने. आता चुकवाल तर सगळं वाया." मी मान डोलावली.

दुसऱ्याच दिवशी उपकारस्तुतीचा रविवार होता. उपासना संपत आली की आमचे पाळकसाहेब विचारतात, "कोणाला साक्ष द्यायची आहे?" साक्ष म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून मंडळीला सांगणं. बाहेरच्यांना माहीत नसेल, पण साक्षीचाही एक साचा असतो. लहानपणापासून ऐकून ऐकून तो अंगात मुरतो. आधी संकट. मग डॉक्टरांनी हात टेकले. मग गुडघे टेकले. मग रिपोर्ट स्वच्छ. मग डॉक्टर चकित. पायऱ्या ठरलेल्या, आणि शेवटच्या पायरीवर सगळे मिळून हालेलुया म्हणतात.

मी उभी राहिले. बऱ्याच दिवसांनी आवाज परत आला होता आणि समोर आमचं भरलेलं प्रभुमंदिर होतं. सुटले मी.

"डॉक्टरांनी हात टेकले होते," मी म्हणाले. कुणी टेकले नव्हते, त्यांनी तर पहिल्या दिवशीच बरं होईल म्हणून सांगितलं होतं. पण साचा पुढे ओढत होता. "मी रक्त ओकत होते. मी प्रभूच्या चरणी पडले. आणि काल रिपोर्ट आला. एकही जंतू नाही. डॉक्टर बघतच राहिले. प्रभूनं मला पूर्ण बरं केलं."

मोठ्ठा हालेलुया झाला. रेखा मोबाईल धरून उभी होती, डोळ्यांत पाणी.

गोळ्यांचं मी बोललेच नाही. विसरले असं म्हणायला जीभ धजत नाही, कारण त्या माझ्या पर्समध्ये होत्या. उपासनेत मळमळ नको म्हणून त्या दिवशी नंतर घेऊ म्हणून तिथं ठेवल्या होत्या. साक्ष देताना मी पर्स पोटाशी धरली होती आणि आतलं गोळ्यांचं पाकीट कडकड वाजत होतं. पण एवढ्या उंच बोलण्यात गोळी कुठं बसवायची? रोज सकाळी नाक दाबून चार गिळते, असं सांगितलं तर कोण हालेलुया म्हणणार?

बाहेर आल्यावर नळावर जाऊन त्या गिळल्या. पाठमोरी.

व्हॉट्सअ‍ॅप

रेखानं माझी साक्ष सगळ्या ग्रुपवर पाठवली. ती जालन्यात फिरली, तालुक्यांत फिरली, मला माहीतही नसलेल्या गावांतून "आजी, प्रभूची स्तुती असो" असे निरोप यायला लागले. मी ते एंजलकडून मोठ्यानं वाचून घेत होते. फुगले होते नुसती.

त्या फुगण्यात एक गोष्ट उशिरा लक्षात आली. सुनंदाचे सकाळचे फोन बंद झाले होते. मी केला तर उचलत नव्हती. वाटलं, कापसाची कामं असतील, रेंज नसेल. मग एका सकाळी उचलला.

"घेतल्या?"

"आता कशाला आजी?" ती हसत होती. "तुमची साक्ष ऐकली ना. रोज लावते मी, चूल पेटवताना. मंग मीबी विश्वासानं सोडल्या. उलट्या बंद, अंग हलकं. आन् त्याला आणलं घरी."

ती हसता हसता खोकली. तो खोकला मला ओळखू आला. माझाच होता तो, गादीखालच्या रुमालाच्या वेळचा.

केदारखेडा

शमुवेलला म्हटलं, मला आजच्या आज केदारखेड्याला सोड. तो म्हणाला रविवारी जाऊ. मी पर्स उचलून स्टँडकडे चालायला लागले तेव्हा त्यानं मोटारसायकल काढली. भोकरदनच्या रस्त्यानं जाताना मी प्रार्थना करत होते, खरं तर भांडत होते. तुला एवढं कळतं तर माझी जीभ त्या रविवारी का नाही धरलीस, असं.

सुनंदाचं घर पत्र्याचं, समोर तुराट्यांचा ढीग. ती दारात बसून मुलाला मांडीवर घेऊन खेळवत होती. गुटगुटीत, काजळ घातलेला. मला बघून ती हरखली. तिचा नवरा योहान पाण्याचा तांब्या घेऊन आला.

"बसा आजी. ऐका, आता आमच्या वस्तीवर समद्यांच्या मोबाईलमधी हायेत तुम्ही." आणि सुनंदानं माझी साक्ष लावलीच. माझा आवाज पत्र्याखाली घुमायला लागला. डॉक्टरांनी हात टेकले होते. मी प्रभूच्या चरणी पडले. स्वतःचा आवाज ऐकणं तसंही वाईट, पण हा आवाज मला चांगला ओळखीचा होता. पंचविशीतली शलोमी. मला वाटत होतं ती केव्हाच मेली. कांजी केलेल्या साडीसकट जिवंत होती.

"बंद कर ते," मी म्हटलं आणि पर्समधून पाकीट काढून तिच्यापुढे धरलं.

"ह्या काय?"

"गोळ्या. माझ्या."

"आजूक घेऊन राह्यल्या तुम्ही?"

"रोज. त्या रविवारीबी घेतल्या. उपासनेनंतर, नळावर."

तिनं पाकिटावरून बोट फिरवलं. खाल्लेल्या गोळ्यांची रिकामी खोबणी दिसत होती त्यात.

"म्हंजे तुम्ही खोटं बोलल्या? देवाच्या घरात?"

"अर्धं बोलले."

"अर्धं म्हंजे खोटंच की आजी."

शमुवेल मधे पडायला गेला, "ताई, आईचा उद्देश तसा..." मी त्याला गप्प केलं. ह्या वेळी डोळे उघडे ठेवून.

"मंग प्रभूनं काय केलं तुम्हाला?" सुनंदानं विचारलं. तिला खरंच उत्तर हवं होतं.

"मला रोज त्या गोळ्यांचा संताप येतो," मी म्हटलं. "आणि रोज त्या गिळल्या जातात. त्यानं एवढंच केलेलं मला दिसलं. जास्तीचं काही दिसलं न्हाई. ते मला सांगायला लाज वाटली."

ती उठली. मुलाला तिनं योहानच्या हातात दिलं, स्वतःपासून लांब, आणि पदर तोंडाला लावला. तो रडायला लागला, तिच्याकडे झेपावायला लागला.

"जा तुम्ही," ती पदराआडून म्हणाली. "बरं झालं सांगितलं. पण आता जा."

तांब्यातलं पाणी न पिताच आम्ही निघालो. योहान रस्त्यापर्यंत आला. "ती ऐकंल आजी," तो म्हणाला. "पर तुम्ही लवकर सांगाया पायजे व्हतं."

साक्ष परत घेणे

पाळकसाहेबांना सांगितलं तर ते चष्मा पुसत बसले. भला माणूस, पण चष्मा फार पुसतो.

"आजी, साक्ष परत घ्यायची काही पद्धत नाही आपल्यात."

"मंग आजपासून पाडू."

"मंडळीचा विश्वास डळमळीत होईल."

"साहेब, एका पोरीचा माझ्यावरचा विश्वास लई घट्ट होता. तिची फुप्फुसं डळमळीत झाली."

पुढच्या रविवारी त्यांनी मला बोलावलं, हे त्यांच्या खात्यावर जमा. मी सकाळच्या गोळ्या घेतल्या नव्हत्या. हातात पाकीट आणि पाण्याची बाटली घेऊन पुढे गेले. रेखाला म्हटलं, मोबाईल धर. ती म्हणाली, "आत्याबाई, नको ना, लोक हसतील." "धर," मी म्हटलं. तिनं धरला.

मी सांगितलं की मागच्या वेळी अर्धं सांगितलं. डॉक्टरांनी हात टेकले नव्हते. मी अजून बरी व्हायची आहे. कुणी माझं ऐकून गोळ्या सोडल्या असतील तर आज दवाखान्यात जा. मग सगळ्यांसमोर डोळे मिटले, मनातल्या मनात नेहमीचं म्हटलं आणि गोळ्या घेतल्या. घाबरल्यामुळे पहिलीच घशात अडकली. मी डोळे पांढरे करून घटाघट पाणी पितेय आणि सगळी मंडळी श्वास रोखून बघतेय, असा प्रकार झाला. कुणी हालेलुया म्हटलं नाही. मागे कुणीतरी खाकरलं आणि लगेच तोंडावर रुमाल धरला.

उपासना संपल्यावर निम्म्या बाया माझ्याशी बोलल्या नाहीत. एक म्हणाली, "आजी, शोभलं का हे?" चहाच्या वेळी मात्र मंडळीतला एक रिक्षावाला जवळ आला आणि हळूच म्हणाला, "आजी, माझ्याबी चालू हायेत. कोणाला सांगितलं न्हाई मी." आणि जल्दी निघून गेला.

पहिली साक्ष गावोगाव पोचली होती. ही दुसरी कुणी पुढे पाठवली नाही. रेखानं सगळ्या ग्रुपवर टाकली, पण ती जिथं पडली तिथंच पडून राहिली. अजून मला पहिल्या साक्षीबद्दल स्तुतीचे निरोप येतात. मी प्रत्येकाला खरं काय ते कळवते. मग तिकडून काही येत नाही. माझं हे काम कधी संपेल असं वाटत नाही.

घेतल्या

सुनंदा दवाखान्यात गेली, हे मला योहानकडून कळलं. तपासण्या झाल्या. गोळ्या पहिल्यापासून सुरू. मुलाला तपासून पुन्हा टेंभुर्णीला पाठवलं. तिला आता काही महिने जास्त लागणार. सगळे मला सांगतात, "तुम्ही गेलात म्हणून वाचली." मी गेले म्हणून वाचली, की मी बोलले म्हणून वाचवायची वेळ आली, ते कुणी विचारत नाही. मी रोज विचारते. प्रभूही उत्तर देत नाही, पण मी विचारायचं सोडलेलं नाही. हल्ली आमचं दोघांचं असंच चालतं.

मग एका सकाळी फोन वाजला. "घेतल्या," ती म्हणाली, आणि ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी तसंच. घेतल्या, ठेवला. माझी विचारपूस नाही, आजी म्हणणं नाही. मी तिला खूप काही सांगायचं म्हणून रोज तयारी करून बसायची, आणि ती एका शब्दात उरकायची. पहिल्यासारखीच. राग यायचा. पण राग करायचा हक्क तिचा होता.

माझा सहावा महिना संपला. डॉक्टर म्हणाले, "झालं आजी, आता गोळ्या बंद." घरी रेखानं मला त्यांच्यातलं ताट वाढलं. मी ते परत दिलं आणि माझ्या नावाचंच घेतलं. ती म्हणाली, "आत्याबाई, अजून राग आहे का?" म्हटलं, "आहे. पण ताटावर न्हाई." एंजल येऊन सरळ मांडीत बसली आणि तिनं माझ्या भाकरीची कोर खाल्ली.

रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीसारखं विचारलं, कोणाला साक्ष द्यायची आहे. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी बसून राहिले. ते बाहेर भेटले तेव्हा म्हणाले, "आता तर खरोखर बऱ्या झालात आजी. आता का नाही?"

"सुनंदाच्या चालू हायेत अजून," मी म्हटलं. त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

मी अजूनही त्याच वेळेला उठते. गोळ्या नाहीत, तरी हात पाकीट शोधतो. डोळे मिटते आणि तेवढंच म्हणते, फक्त आता तिच्यासाठी. आत राहू दे. मग फोनची वाट बघते.

परवा फोन आला. "घेतल्या," ती म्हणाली. फोन ठेवल्याचा आवाज येण्याची मी वाट बघत होते. आला नाही. तिचा श्वास ऐकू येत होता, स्वच्छ, मधे घरघर नाही. चुलीत काहीतरी तडतडत होतं. मी बोलणार होते. क्षमा माग, आशीर्वाद दे, एखादं वचन सांग, असं सगळं जिभेवर गोळा झालं होतं, कांजी करून. मी ते गिळलं. गोळ्यांनी गिळायची सवय चांगली लावली आहे.

"आजी," ती म्हणाली. किती महिन्यांनी म्हणाली. "दूध वर येऊन राह्यलं."

"जा," मी म्हटलं. "आधी ते उतरव."